को. ऑप. हौ. सो. लि.

मुलुंड पूर्वेला राहणारे एक मामा आणि अंधेरीत भाड्याने राहणारी त्यांची भाची यांचा एकाच शब्दावरून वाद चालू आहे. मामा मूळचे कराड तालुक्यातले, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी हौसेने जी.डी.सी. अँड ए. ही सहकाराची पदविका घेतली आणि त्या हौसेची शिक्षा म्हणून बिल्डिंगचं सेक्रेटरीपद त्यांच्या गळ्यात पडलं, ते अजून सुटलेलं नाही. भाची कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. शब्द आहे 'सोसायटी'. मी दोघांच्याही नात्यातला, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकणं भाग पडतं. त्यातलं लक्षात राहिलेलं इथे देतो. अधूनमधून माझंही नाक खुपसणार आहे.

मामा : तू वर्गात सांगतेस, सोसायटी म्हणजे समाज. आमच्या गावात जाऊन विचार. शेंबडं पोरसुद्धा सांगेल, सोसायटी म्हणजे कर्ज. 'सोसायटी काढली का?' म्हणजे पीककर्ज घेतलंस का. 'सोसायटी भरली का?' म्हणजे फेडलंस का. मार्च जवळ आला की जो तो नवं-जुनं करायच्या मागे.

भाची : नवं-जुनं म्हणजे?

मामा : जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि लगेच नवं उचलायचं. पैसा मधे एक रात्र कुणाकडून तरी हातउसना. तुमच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हे नसणार. पुढे मुंबईत नोकरीला लागलो तर पगाराच्या पावतीवर पुन्हा तोच शब्द. 'हातात किती येतात?' म्हटलं की प्रत्येकजण सांगायचा, 'सोसायटी कापून इतके.' ती खात्यातल्या लोकांची पतसंस्था. तुझ्या आईचं लग्न त्या सोसायटीवर झालंय, ठाऊक आहे का तुला?

भाची : आई म्हणते तुम्ही केलंत.

मामा : मी फक्त जामीनदार शोधले, दोन. आणि तिसरी ही आपली, राहायची. माझ्या आयुष्यात तीन सोसायट्या आल्या आणि तिन्हींचा पाया एक. शेअर घ्यायचा, सभासद व्हायचं आणि माणशी एक मत. खोली वन रूम किचनची असो नाहीतर थ्री बीएचके, मत एकच. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचा आवाज मोठा. सोसायटीत तसं नाही. 1844 साली इंग्लंडमधल्या रॉचडेलला 28 माणसांनी, त्यातले बरेचसे विणकर, पैसे जमवून पीठ, लोणी, साखरेचं दुकान टाकलं, त्या संस्थेच्या नावातही सोसायटीच होतं. तिथून हा शब्द आपल्याकडे आला. साहेबांच्या क्लबातून नाही.

मामांचं हे म्हणणं कागदोपत्री पक्कं आहे. सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून सरकारने 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा केला, आणि तो केवळ कर्जापुरताच होता. खेड्यात सोसायटी आणि कर्ज हे एकजीव झाले ते त्यामुळे. 1912 च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या, आणि तीनच वर्षांत, 1915 साली, गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. आशियातली पहिली गृहनिर्माण संस्था म्हणून तिचं नाव घेतात. तिच्यामागे होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. 1906 साली शामराव विठ्ठल बँकेची सुरुवात करणारेही तेच. ताडदेवची तालमकीवाडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना नाव ओळखीचं वाटेल.

भाचीला नेमकं हेच नाव हवं होतं.

भाची : मामा, पहिलीच सोसायटी आणि तिच्या नावात जात.

मामा : जात काय म्हणतेस? कारवारकडून आलेली नोकरदार माणसं. भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होती. एकमेकांना ओळखत होती म्हणून पैसे एकत्र टाकायचं धाडस झालं. अनोळखी माणसाबरोबर कुणी जमीन घेतं का?

भाची : कारण समजलं. तरी मी म्हणते तेच राहतं. शब्दात आत कोण आणि बाहेर कोण हे पहिल्या दिवसापासून आहे. आणि समाज या मराठी शब्दाचं पुढे काय झालं ते बघा. प्रार्थना समाज 1867, सत्यशोधक समाज 1873, गिरगावात आर्य समाज 1875. गोखल्यांनी 1905 साली सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली, तिला मराठीत भारत सेवक समाज म्हणाले. तेव्हा समाज म्हणजे एका विचाराने जमलेली माणसं. वाटेल त्याने यावं. जोतीरावांच्या समाजात तर जातीपातीचा प्रश्नच नव्हता. आणि आज? 'आमच्या समाजात असं चालत नाही', 'मुलगा आपल्याच समाजातला आहे'. समाज म्हणजे सरळ जात. सोसायटीचं भाषांतर करायला गेलो आणि जात हाती लागली.

मामा : म्हणून तर मूळ शब्द ठेवला लोकांनी! डेक्कन एज्युकेशन सोसायटी तशीच राहिली. बाबासाहेबांनी 1945 साली संस्था काढली तीही पीपल्स एज्युकेशन सोसायटी. आणि घरांचं म्हणशील तर वांद्र्याला जाऊन बघ. कलावंतांचं कलानगर, पत्रकारांचं पत्रकारनगर, लेखकांचं साहित्य सहवास. तिथे जात कुठे आली? आपल्या सोसायटीत सांग. एका खात्यातली माणसं. तळमजल्यावर शिपाई, तिसऱ्यावर त्याचाच साहेब, पाण्याची वेळ दोघांना एक. कोण कुठल्या जातीचा हे मला सर्टिफिकेट फाइल करताना कळायचं, त्याआधी नाही.

मामांच्या या शेवटच्या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. पण कर्मचाऱ्यांच्या सोसायट्यांनी उपनगरांत जे केलं ते मोठं होतं. शेजारी कोण असावा हे तिथे नोकरीने ठरवलं, आणि एरवी एका जिन्यावर कधीच न दिसलेली कुटुंबं एका जिन्यावर आली. मुलुंड, बोरिवली, घाटकोपर इथे साठ-सत्तरच्या दशकांत अशा कितीतरी इमारती झाल्या. त्यांची मुलं अजून एकमेकांच्या आईला काकू म्हणतात. अर्थात ती नोकरीच आता राहिलेली नाही, आणि विकलेले फ्लॅट कुणी घ्यावेत हे खातं ठरवत नाही.

मधल्या काळात शब्दाने आणखी एक उडी मारली होती, ती भाचीने ध्यानात आणून दिली.

भाची : सोसायटी आता जागेचंही नाव आहे. 'मुलं कुठायत?' 'सोसायटीत खेळतायत.' म्हणजे बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या पट्ट्यात. 'गाडी सोसायटीत लाव.' 'सोसायटीत साप निघाला.' मुलुंड आणि बोरिवली दोन्हीकडून नॅशनल पार्क लागून, त्यामुळे पेपरात मथळा येतो, 'सोसायटीत बिबट्या शिरला'. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा मथळा देते आणि इंग्रजीत करायला सांगते. एकाने केलं त्याचा अर्थ झाला, बिबट्या समाजात शिरला.

मामा : (हसत) त्याने ना-हरकत घेतली होती का?

भाची : बिबट्याला मिळेल, मला मिळत नाही.

इथे विषय वळला, आणि तो वळणार हे मला माहीत होतं. भाची अंधेरीत घर शोधते तेव्हा ब्रोकर फोनवर आधी वय विचारत नाही, भाडं सांगत नाही. विचारतो, फॅमिली आहे का. नाही म्हटलं की उत्तर तयार : 'मॅडम, मालक चांगला आहे, पण सोसायटी अलाऊ करत नाही.' कधी एकटी मुलगी म्हणून, कधी मासे खाते म्हणून. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात मांसाहाराचा प्रश्न आडनाव ऐकल्यावर येतो, हे इथल्या कुणाही मराठी भाडेकरूला माहीत आहे. 2023 च्या सप्टेंबरात मुलुंड पश्चिमेला कार्यालयासाठी जागा बघायला गेलेल्या एका मराठी बाईंना महाराष्ट्रीय माणसांना जागा देत नाही असं सांगितलं गेलं. तो व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला, गुन्हाही दाखल झाला. त्या प्रकरणातही सोसायटीचा नियम म्हणून दाखला दिला गेला होता.

भाची : मी या वाक्याचं व्याकरण बघते, मामा. गावाकडे 'सोसायटी काढली', 'सोसायटी भरली'. तुमच्या पगारात 'सोसायटी कापली'. सगळीकडे सोसायटी हे कर्म. माणूस कर्ता, तो काहीतरी करतो. अंधेरीला आल्यावर काय होतं? सोसायटी सांगते. सोसायटी चालवून घेत नाही. सोसायटीला पसंत नाही. कर्माचा कर्ता झाला! आणि हा कर्ता असा की त्याला चेहरा नाही, फोन नंबर नाही. त्याच्याशी भांडायचं कसं?

मला विचाराल तर या सगळ्या वादात मोलाचं ते हेच निरीक्षण. मामाही थोडे थांबले. पण सेक्रेटरीचा पिंड. त्यांनी उठून बायलॉजची निळी पुस्तिका आणली.

मामा : चेहरा नाही कसा? सोसायटी ही कायद्याने व्यक्ती आहे. 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम. नोंदणी झाली की तिच्या नावावर जमीन होते, ती कोर्टात जाते, तिला दंड होतो. कर्ता ती आहेच. पण तिला तोंड एकच, ठराव. ठराव बुकात नसेल तर सोसायटी काही बोललेलीच नाही. जे बोलतो तो चौथ्या मजल्यावरचा कुणीतरी.

भाची : मग नियम काय म्हणतो?

मामा : भाडेकरू ठेवायला आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीची परवानगी लागत नाही. सभासदाने आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांकडे नोंद करायची. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी, घ्यायचं ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच, हा 2001 पासूनचा सरकारी आदेश. त्याआधी काही सोसायट्या मनाला येईल ते लावायच्या. आणि फ्लॅट विकत घेणाऱ्याला सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, कलम 23. अर्जावर तीन महिन्यांत कळवलं नाही तर तो सभासद झाला असंच धरतात. कायदा इतका उघड्या दाराचा आहे!

भाची : आणि सुप्रीम कोर्ट? 2005 चा निकाल मी वर्गात शिकवते. अहमदाबादची झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी. सभासद फक्त पारशी असावेत हा उपविधी कोर्टाने वैध धरला. संघटना करायचं स्वातंत्र्य म्हणजे कुणाबरोबर करायची ते ठरवायचंही स्वातंत्र्य, असं त्या निकालाचं सार.

मामा : तो गुजरातच्या कायद्याखालचा. आणि पारशी किती उरलेत ते बघ ना. त्यांना आपली वस्ती टिकवायची असेल तर त्यात तुला काय खुपतं?

भाची : पारशांचं नाही खुपत. खुपतं ते असं की लहान समूहाला ढाल म्हणून दिलेली गोष्ट मोठा समूह गेटवर घेऊन उभा राहतो. ठराव नाही, उपविधी नाही, नुसतं 'सोसायटी'.

हा मुद्दा मामांनी मान्य केला नाही, पण खोडलाही नाही. 'ढाल' आणि 'गेट' यांत फरक कसा करायचा हे कायद्यालाही सहज जमलेलं नाही, तेव्हा मुलुंडच्या हॉलमध्ये ते जमावं अशी अपेक्षा मी करत नव्हतो. त्यांनी आपला हुकमी डाव टाकला : सोसायटी नसती तर काय झालं असतं.

मामा : तू म्हणतेस ती गेट. ठीक. पण त्या गेटच्या आत काय चालतं ते कुणी बघतं का? पाण्याचा पंप बंद पडला की रात्री प्लंबर कोण शोधतं? टाकी, लिफ्टचं लायसन्स, प्रॉपर्टी टॅक्स, पावसाळ्यापूर्वी झाडांच्या फांद्या, मेंटेनन्स थकवणाऱ्याच्या दारात जाऊन शिव्या खाणं. बिल्डरने सोसायटी करून दिली आणि जमीन स्वतःच्याच नावावर ठेवली, अशा किती इमारती आहेत मुंबईत. 2008 मध्ये कायदा बदलून मानीव अभिहस्तांतरण आणलं...

भाची : डीम्ड कन्व्हेयन्स म्हणा, मामा. तो शब्द फक्त रजिस्ट्रार ऑफिसात चालतो.

मामा : डीम्ड कन्व्हेयन्स. त्यासाठी आम्ही तीन म्हाताऱ्यांनी किती खेटे घातले. पगार नाही, मानधन नाही. आणि ही सगळी कामं करणाऱ्याला लोक काय म्हणतात? 'सोसायटीवाले त्रास देतात.' स्वतः त्याच सोसायटीचे सभासद, आणि वर 'सोसायटीवाले'! म्हणजे सोसायटी हा दुसराच कुणीतरी. तू मघाशी कर्ता म्हणालीस ना, तो आमच्याही डोक्यावर बसलाय.

इथे दोघं चुकून एका बाजूला आले. ते टिकलं नाही.

भाची : मीटिंगला किती येतात?

मामा : कोरम दोन तृतीयांश किंवा 20, जे कमी असेल ते. तेवढे येत नाहीत. मग सभा तहकूब करायची. नोटिशीतच छापलेलं असतं, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरेल, तेव्हा कोरमची गरज नाही.

भाची : म्हणजे सोसायटी म्हणजे अर्ध्या तासाने उरलेली माणसं.

मामा : ...आणि वेफर्स. हसू नकोस. पुनर्विकासाला मात्र हे चालत नाही. कलम 79अ खाली 4 जुलै 2019 चा शासन निर्णय आहे, एकूण सभासदांच्या 51 टक्के लोकांचा होकार लागतो. त्या सभेला बघ. अमेरिकेतून मुलगा व्हिडिओवर येतो. चटई क्षेत्र, कॉर्पस, भाडं, पार्किंग! एरवी ज्यांना पंप कुठे आहे माहीत नाही त्यांना त्या दिवशी सोसायटीची आठवण होते.

भाची : आणि टॉवर झाला की वरचे मजले नवे लोक विकत घेणार. तुमचा शिपाई आणि साहेब एका जिन्यावर, तो जिनाच जाणार. लिफ्टचेसुद्धा दोन भाग होतात काही ठिकाणी, जुने सभासद एका विंगला, विक्रीचे फ्लॅट दुसरीला. सोसायटी कागदावर एक.

मामांकडे याला उत्तर होतं की नाही कळलं नाही. त्यांनी एकदम घाटकोपरचं काढलं. असल्फ्याच्या चढावर किंवा पूर्व द्रुतगती मार्गालगतच्या, झोपडपट्टी पुनर्वसनाची (एसआरए) वाट बघणाऱ्या वस्त्यांत गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचे बोर्ड दिसतात. देवाचं किंवा महापुरुषाचं नाव, खाली 'एसआरए सहकारी गृहनिर्माण संस्था', आणि कंसात 'नियोजित'. इमारतीचा पत्ता नाही, कधीकधी बिल्डरचाही नाही, पण सोसायटी आहे.

मामा : तिथे उलटं होतं. आपल्याकडे घरं झाली, मग सोसायटी. तिथे आधी सोसायटी, घर कधी येईल तेव्हा. ज्याच्याकडे फक्त दहा बाय दहाची झोपडी आहे तो म्हणतो, आमची सोसायटी झाली. त्याच्या तोंडी तो शब्द ऐक एकदा. कर्ज नाही, कंपाउंड नाही, गेट नाही. आपणही मोजले जातो, एवढंच त्याला म्हणायचं असतं. हा अर्थ तू विद्यार्थ्यांना शिकवतेस का?

भाची : नाही. शिकवायला पाहिजे, हे खरं. पण मग हेही शिकवेन की त्या नियोजित सोसायटीत वरच्या माळ्यावरचा भाडेकरू मोजला जात नाही. सर्व्हेची पावती मालकाच्या नावाची. गाव, मुलुंड, असल्फा, कुठेही जा, सोसायटी होते ती मालकांची. तुमच्या एक माणूस एक मत या तत्त्वात माणूस म्हणजे सभासद. मी जिथे राहते तिथल्या गणपतीची वर्गणी देते, सत्यनारायणाचा प्रसाद घेते, टाकी धुतात त्या दिवशी बादल्या भरून ठेवते. पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. ग्रुपचं नाव 'अवर सोसायटी'.

मामा : भाडेकरूला मत देता येणार नाही. उद्या तो सोडून जाईल, कर्ज आमच्या डोक्यावर.

भाची : मत नको. मला नाकारणाऱ्याचं नाव हवं.

टेबलावर वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीचा कच्चा मसुदा पडला होता. 30 सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची आणि पूर्ण 14 दिवस आधी नोटीस लावायची, म्हणून मामांची घाई चालली होती. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हिशेबपत्रके, लेखापरीक्षकाची नेमणूक, पुनर्विकास, आणि शेवटी आयत्या वेळी येणारे विषय. भाचीने कागद ओढला.

भाची : यात एक विषय घाला. एकटी मुलं-मुली भाडेकरू म्हणून ठेवण्याबाबत संस्थेचे म्हणणे काय, याचा ठराव करणे.

मामा : आणि 'ठेवू नये' असा झाला तर? आत्ता निदान काही लिहिलेलं नाही. दोन मुली राहतात बी विंगला, कुणी काही बोलत नाही. तू विषय आणलास की बोलतील.

भाची : बोलू देत. ठरावाखाली नावं लिहावी लागतात ना?

मामा : लागतात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.

भाची : मग झालं.

मामा : सूचक मिळेल गं, पहिल्या रांगेतच बसलेला असतो. अनुमोदक कोण म्हटलं की सगळे पंख्याकडे बघतात.